‘वॉल्डन’मधील धुराडे : एका उपेक्षित प्रकरणाचा पुनर्विचार

थोरोचे ‘वॉल्डन’ मराठी वाचकाला परके नाही. गांधीजींच्या निमित्ताने कायदेभंगावरील निबंधाचा कर्ता म्हणून थोरोचे नाव महाराष्ट्राने फार पूर्वी ऐकले होते. पुढे १९६०च्या दशकात दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ ह्या नावाने हा ग्रंथ मराठीत आणला, आणि अरण्यात एकटा राहणारा, गीता वाचणारा, गरजा कमी करणारा हा अमेरिकन लेखक आपल्याकडील साधुसंतांच्या पंक्तीला सहज जाऊन बसला. त्या अनुवादाच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा येथे हेतू नाही. आम्हांला बोलायचे आहे ते ‘वॉल्डन’ वाचण्याच्या आपल्या पद्धतीविषयी. ती पद्धती काही अंशी सदोष आहे, आणि तो दोष आमच्या स्वतःच्या वाचनातही होता, असे आता आमच्या लक्षात आले आहे.

ते कसे आले, हे आधी सांगितले पाहिजे. अंबरपेठेत आमच्या राहत्या घरी महिन्यातून दोन वेळा पाचसात मराठी वाचक जमतात. कोणी लातूर-उदगीरकडून पन्नास वर्षांपूर्वी येथे आलेले, कोणी पिढ्यान्‌पिढ्या ह्याच शहरातले. गेल्या पौषात आम्ही ‘वॉल्डन’मधील निवडक प्रकरणे वाचावयास घेतली. निवड आम्हीच केली होती. एकान्तावरचे प्रकरण घेतले, वाचनावरचे घेतले, वसंतावरचे घेतले. आणि घर उबदार करण्याविषयीचे तेरावे प्रकरण गृहकृत्याचा रूक्ष तपशील म्हणून गाळले. एक महत्त्वाचे प्रकरण गाळले गेले आहे, अशी आम्हांस शंकादेखील आली नाही.

वाचन संपल्यावर मंडळींतले एक वृद्ध गृहस्थ बोलले. काचीगुड्याच्या बाजूस त्यांचे उभे आयुष्य रेल्वेच्या नोकरीत गेले आणि तरुणपणी त्यांनी कोळशाच्या इंजिनावर काम केले होते. ते म्हणाले, “मास्तर, सगळे उत्तम आहे. पण तळे गोठण्याइतकी थंडी, आणि लाकडाचे घर. आत आग पेटवली असणारच. मग ह्या माणसाचा धूर कुठून गेला, ते तुम्ही वाचलेच नाही.” मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु रात्री पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा ध्यानात आले की ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून थोरोने एक सबंध प्रकरण लिहिलेले आहे, आणि तेच नेमके आम्ही टाकून दिले आहे.

ते प्रकरण काय सांगते, हे थोडक्यात पाहू. १८४५च्या मार्चअखेर थोरो कुऱ्हाड उसनी घेऊन वॉल्डनकाठी गेला, पाइन वृक्ष तोडून त्याने घराचा सांगाडा उभा केला आणि ४ जुलैला तो तेथे राहावयास गेला. घर दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. एका आयरिश मजुराची खोपटी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि तिच्या फळ्या भिंतींना वापरल्या. सर्व खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थोरोचे घर ओंडक्यांचे होते असे पुष्कळदा समजले जाते. तसे ते नव्हते. ओंडके एकावर एक आडवे रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचे, आणि मधल्या फटी माती, शेवाळ किंवा गवत ठासून बुजवायच्या, ही घरबांधणी उत्तर युरोपातली. सतराव्या शतकात, १६३८नंतर, डेलावेअर नदीच्या काठी वसाहत करणाऱ्या स्वीडिश व फिनिश लोकांनी ती अमेरिकेत नेली. थोरोचे घर चौकटीवर फळ्या ठोकलेले होते. परंतु थंडीचा प्रश्न दोन्ही घरांना एकच असतो : फटी कशा बुजवायच्या, आग कोठे ठेवायची, आणि धूर बाहेर जाऊ देताना ऊब आत कशी राखायची.

पहिल्या उन्हाळ्यात ह्या घराला धुराडे नव्हते आणि गिलावाही नव्हता. फळ्यांच्या रुंद फटींतून वारा खेळत असे, रात्री घर थंड राही, स्वयंपाक बाहेर जमिनीवर होई, आणि थोरोला हे सर्व आवडे. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात त्याने ह्या वाऱ्याचे मोठे कौतुक केले आहे. आपल्याकडील वाचकाला हे घर ओळखीचे वाटते, कारण ते आपल्याच घरांसारखे आहे. हैदराबादेतली जुनी घरे पाहावीत : उंच छत, छताजवळ रोशनदान, पायाखाली शहाबादी फरशी, उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा. उष्णता बाहेर जावी आणि वारा आत यावा, हा ह्या रचनेचा सारा खटाटोप. येथे थंडी पडते ती दोन महिने, आणि तीही सकाळपुरती. तिच्यासाठी कोणी घर बांधीत नाही. पेटीतली शाल काढतो.

शरद ऋतू आला आणि थोरोचे घर बदलू लागले. जुन्या विटा मिळवून, त्यांना चिकटलेला चुना थापीने खरवडून, तळ्याकाठचे दगड फटींत बसवून त्याने धुराडे रचले. गिलाव्यासाठी पांढरी वाळू होडीतून पलीकडच्या काठाहून आणली. कडक थंडी सुरू झाल्यावर गिलावा झाला. गिलाव्यानंतर हे घर आपल्या डोळ्यांना पूर्वीइतके कधीच सुंदर दिसले नाही, पण राहण्यास अधिक सुखाचे झाले, अशी कबुली तो देतो. आमच्या मते ही कबुली फार मोलाची आहे. सौंदर्य आणि सोय ह्या दोहोंत काहीतरी सोडावे लागते, आणि ते सोडताना वाईट वाटते, हे लपवून ठेवणारा लेखक येथे गोड वाक्य लिहून पुढे गेला असता. थोरोने हिशेब मांडला. त्या वर्षी तळे पूर्ण गोठले ते २२ डिसेंबरच्या रात्री. तोपर्यंत घर तयार होते.

आता प्रकरणाच्या नावाकडे वळू. इंग्रजीत त्या नावाला दोन अर्थ आहेत. नव्या घरात राहावयास गेल्यावर इष्टमित्रांना बोलावून करायचा समारंभ हा एक. आणि घर खरोखर तापवणे हा दुसरा. थोरोने दोन्ही अर्थ एका शब्दात धरले आहेत. मराठीत हे कसे आणावे? समारंभासाठी आपल्याकडे शब्द आहे, ‘वास्तुशांत’. परंतु हा शब्द उच्चारताच आपण उलट दिशेला जातो. आपण वास्तू शांत करतो. ते ती उबदार करतात. आपल्या भाषेत सुखाची बहुतेक क्रियापदे शीतलतेची आहेत. जीव निवतो, डोळे निवतात, मनाला गारवा मिळतो, वडीलधाऱ्यांची छाया लाभते. उलट डोके तापते, मन पोळते, दुःखाला ‘ताप’ आणि रागाला ‘संताप’ म्हणतात. ज्या देशात सूर्य आठ महिने डोक्यावर असतो, त्या देशाची भाषा अशीच घडणार. ह्यात आपले काही चुकले आहे असे नव्हे. परंतु ह्या भाषेतून थोरो वाचणाऱ्याने एवढे ओळखले पाहिजे की, जेथे आपण निवतो तेथे तो तापतो, आणि दोघांचे सुख एकच असते.

ह्यावर कोणी म्हणेल की मराठीत ‘ऊब’ हा शब्द आहे, आणि तो सुखाचाच आहे. खरे आहे, परंतु ही ऊब कोणाची असते ते पाहावे. ती आईच्या कुशीची असते, गोधडीची असते, वाकळीची आणि घोंगडीची असते. ‘उबवणे’ ह्या क्रियापदाला तर कोंबडीच आठवते. म्हणजे आपली ऊब अंगाची आहे, खोलीची नव्हे. आपण देह झाकतो. घर तापवीत नाही. शेकोटीसुद्धा उघड्यावर, चार माणसांनी भोवती बसून, पुढून भाजत आणि पाठीमागून गारठत घेतलेली ऊब आहे. शेकोटी विझली की माणसे उठून जातात, ऊब तेथे राहत नाही. मराठी कथाकादंबऱ्यांत शेकोटी पुष्कळ आहे. तिच्याभोवती गप्पा होतात, भुतांच्या गोष्टी होतात, भांडणे मिटतात. परंतु रात्रभर घरात ऊब कशी टिकेल, ह्याची काळजी करणारे पात्र आमच्या वाचनात क्वचितच आले. तशी काळजी करण्याचा प्रसंगच आपल्यावर आला नाही.

गंमत अशी की हाच भेद थोरोने ह्या प्रकरणात स्वतः केला आहे. त्याच्या तळघरात लहान प्राण्यांनी बस्तान बसवले होते. बटाटे कुरतडीत आणि गिलाव्यातून उरलेले केस व कागद ओढून ते आपली शेज करीत. अगदी रानटी प्राण्यालाही ऊब प्रिय असते, असे सांगून तो म्हणतो की प्राणी आडोशाला जागा शोधतो आणि ती आपल्या अंगाने तापवतो. माणसाने मात्र अग्नीचा शोध लावल्यामुळे तो हवेचा एक मोठा तुकडा पेटीत कोंडतो आणि ती हवाच तापवतो. त्या पेटीत मग वस्त्रांचे ओझे टाकून हिंडता येते, खिडक्यांनी उजेड आत घेता येतो, दिव्याने दिवस लांबवता येतो. ह्या दृष्टीने पाहिले तर गोधडी ही शेज आहे आणि धुराड्याचे घर ही पेटी आहे. दोन्हीही शहाणपणाची, परंतु दोन्ही एक नव्हेत.

पहिल्या प्रकरणात थोरोने जीवनाच्या आवश्यक गोष्टी चार मोजल्या आहेत : अन्न, निवारा, वस्त्र आणि सरपण. आपण अन्न, वस्त्र, निवारा अशा तीनच मोजतो. आपल्या यादीत सरपण नाही, कारण ते अन्नात मिळून गेलेले आहे. चुलीपुरतेच ते लागते. थोरोलाही हे ठाऊक होते. उष्ण हवामानात स्वयंपाकाखेरीज सरपण अनावश्यक होते, असे तो म्हणतोच. त्याच्या विवेचनाचा मूळ धागा प्राणोष्णतेचा आहे. लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा आधार घेऊन तो शरीराला शेगडी मानतो. अन्न हे आतले सरपण, घर व वस्त्र हे ऊब राखणारे आवरण. आपल्याकडील जठराग्नीची कल्पना ह्याहून फार दूर नाही. म्हणून काटकसरीचा हा सारा ग्रंथ वैराग्यातून निघाला आहे, असे समजणे चूक आहे. तो निघाला आहे उष्णतेच्या जमाखर्चातून. किती ऊब पुरे, आणि तेवढ्यासाठी आयुष्याचा किती भाग द्यावा लागतो, हा त्याचा प्रश्न. तेरावे प्रकरण गाळले की हा जमाखर्च अर्धा राहतो, आणि हातात उरतात ती सुभाषिते.

अग्नीचे आपल्याला वावडे आहे असे नाही. किंबहुना अग्नीइतका पूज्य आपल्याला दुसरा कोणी नाही. परंतु आपला अग्नी एक तर यज्ञातला आहे, नाही तर चुलीतला, नाही तर चितेतला. तपस्वी उन्हाळ्यात चार बाजूंना चार अग्नी आणि वर सूर्य घेऊन पंचाग्निसाधन करतो; तेथे अग्नी क्लेशासाठी असतो. ऋषीच्या पर्णकुटीला धुराडे असल्याचे आम्ही कोठे वाचले नाही. थोरोला ऋषी म्हणणाऱ्याने ही अडचण ध्यानात घ्यावी. त्याचा अग्नी घरात सोबतीला असतो. फिरावयास जाताना तो चांगली आग ठेवून जाई आणि तीनचार तासांनी परतला तरी ती जिवंत असे. जणू आनंदी घरकरीण मागे ठेवली होती, असे तो लिहितो. ह्या सोबतिणीवर डोळे मिटून विश्वास मात्र टाकता येत नसे. एकदा लाकडे फोडताना सहज खिडकीतून पाहिले तर ठिणगीने अंथरूण पेटले होते. आत जाऊन त्याने ते विझवले तेव्हा तळहाताएवढा भाग जळून गेला होता. हा तपशील यज्ञकुंडाजवळ बसणाऱ्याचा नव्हे, घर सांभाळणाऱ्याचा आहे.

येथे लोकमान्यांच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ ह्या १९०३ सालच्या ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अतिशीत प्रदेश आणि घर ह्या दोन कल्पना मराठी माणसाने एकत्र आणल्या त्या प्रथम तेथे. लोकमान्यांचा सिद्धान्त आजच्या विद्वानांनी स्वीकारलेला नाही. परंतु कल्पनेचा नमुना म्हणून तो ग्रंथ आम्हांला येथे उपयोगी आहे. लोकमान्यांच्या उत्तरध्रुवीय घरात दीर्घ उषा आहे, महिनोन्‌महिने चालणारी रात्र आहे, क्षितिजाभोवती फिरणारा प्रकाश आहे. परंतु सरपण नाही. कारण त्यांच्या मांडणीप्रमाणे हिमयुगापूर्वी तेथले हवामान सौम्य, जवळजवळ चिरवसंताचे होते. बर्फ आले तेव्हा लोक तेथून निघाले. म्हणजे ध्रुवावरही आपण थंडीत राहिलो नाही. थंडी येताच घर सोडले. ह्या मांडणीची थट्टा करण्याचा आमचा उद्देश नाही. ती भूगर्भशास्त्राच्या तत्कालीन माहितीवर आधारलेली होती. तथापि घर म्हणजे प्रकाश आणि दिशा, लाकूड आणि धूर नव्हे, ही आपल्या मनाची घडण तीत दिसते, आणि ‘वॉल्डन’ वाचताना तीच घडण आपल्या आड येते.

आता रेल्वेतल्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत येऊ. पुढच्या बैठकीत आम्ही तेरावे प्रकरण सबंध वाचले. धुराड्याचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, “इंजिनाचे धुराडे नुसता धूर टाकीत नाही, ते आग ओढते. धुराडे ओढत नसेल तर आग गुदमरते, आणि फार ओढत असेल तर ऊबही वर निघून जाते.” हे शास्त्रदृष्ट्या अगदी खरे आहे. उघड्या आगटीची बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते. एवढेच नव्हे, तर ती खोलीतली तापलेली हवाही आपल्याबरोबर ओढून नेते आणि तिच्या जागी फटींतून थंड हवा आत येते. म्हणूनच बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या दशकात लोखंडी शेगडीची योजना केली. रशियातल्या ओंडक्यांच्या घरांत विटांची प्रचंड भट्टी असते; धूर तिच्या वळणावळणांच्या मार्गांतून फिरतो, विटा ती उष्णता पितात आणि आग विझल्यावरही कित्येक तास हळूहळू परत देतात. घरातली माणसे त्या भट्टीच्या माथ्यावरच निजतात. मंडळींतल्या एक मामी म्हणाल्या, “आमच्या वाड्यात फुंकणी घेऊन बसले की धूर डोळ्यांत आणि ऊब कौलांतून बाहेर. ह्याने दोन्हींची वाट वेगळी केली, एवढेच ना?” एवढेच, आणि ते एवढे करण्यास त्याला एक सबंध शरद ऋतू लागला. आम्हांला वाटते, ह्या दोन वाक्यांत त्या प्रकरणाची जेवढी समीक्षा झाली, तेवढी आमच्या मागच्या चार व्याख्यानांत झाली नव्हती.

शेगडीचा प्रसंग हा ह्या प्रकरणाचा मर्मबिंदू आहे. थोरोने दोन वर्षांचा अनुभव पुस्तकात एका वर्षात गुंफला असल्यामुळे वाचकाच्या तो सहज ध्यानात येत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने उघडी आगटी सोडून लहान शेगडी घेतली. कारण तो स्वतःच देतो : रान त्याच्या मालकीचे नव्हते, आणि शेगडीला सरपण कमी लागते. जमीन इमर्सनची होती. परंतु शेगडीत आग दिसेना. तिने जागा अडवली, घरात वास भरला, आणि सर्वांत वाईट म्हणजे सोबती हरवल्यासारखे त्याला झाले. आगीत नेहमी एक चेहरा दिसतो, संध्याकाळी तिच्याकडे पाहून दिवसभराचा मळ मनातून निघून जातो. ते सुख गेले. गिलावा करताना जो हिशेब त्याने मांडला होता, तोच येथे पुन्हा उभा राहतो, आणि ह्या वेळी किंमत अधिक आहे. ऊब वाचली, सरपण वाचले, दुसऱ्याच्या रानावरचा भार कमी झाला, आणि सोबत गेली. नीतीच्या दृष्टीने तो बरोबर वागला आणि त्याचे दुःख त्याने नाकारले नाही. आमच्या मते ह्या प्रकरणाचे मोठेपण येथे आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रकरणाचा शेवट थोरोने आपल्या शब्दांत केला नाही. आगीवरची दुसऱ्या कोणाची कविता देऊन तो थांबला. जेथे स्वतःचे दुःख बोलायचे, तेथे त्याने उसने शब्द घेतले. दुसरे असे की, १८४४च्या एप्रिलमध्ये, म्हणजे वॉल्डनकाठी जाण्यापूर्वी एकच वर्ष, त्याच्याच हातून चुकून लागलेल्या आगीत काँकर्डचे सुमारे तीनशे एकर रान जळाले होते. सरपणाच्या काटकसरीविषयी लिहिणाऱ्या ह्या प्रकरणात रानाचा भाग आपल्याच हातून चुकून जळाल्याचा त्याने जाता जाता उल्लेख तेवढा केला आहे; त्या आगीविषयी तो सविस्तर बोलला असता, तर हिशेब पुरा झाला असता. तो तसा झाला नाही.

परंतु ह्या उणिवेची काहीशी भरपाई पुढचे, चौदावे प्रकरण करते. म्हणून ही दोन प्रकरणे एकत्र वाचावीत अशी आमची सूचना आहे. आपले घर उबदार झाल्यावर थोरो ह्या रानात पूर्वी राहून गेलेल्यांची आठवण काढतो. त्यांत गुलामीतून आलेले कृष्णवर्णीय लोक आहेत. केटो इंग्रॅम आहे. सूत कातणारी झिल्फा आहे, जिचे घर १८१२च्या युद्धात इंग्रज कैदी शिपायांनी ती बाहेर गेली असता जाळले आणि जिची कुत्री, मांजर, कोंबड्या सगळी त्यात गेली. ब्रिस्टर फ्रीमन आहे. त्यांच्या घरांच्या जागी आता तळघरांचे खळगे तेवढे उरले आहेत. एक माणूस स्वेच्छेने रानात जाऊन दोन हिवाळे ऊब राखतो आणि त्यावर पुस्तक लिहितो. दुसऱ्यांना तेथेच, इलाज नाही म्हणून, आयुष्य काढावे लागते आणि त्यांची चूल विझली की खूणही राहत नाही. तेराव्या प्रकरणाशिवाय चौदावे वाचले तर त्या खळग्यांचा अर्थ कळत नाही. चूल थंड होणे म्हणजे काय, हे ज्याने चूल पेटती ठेवण्याचे कष्ट वाचले आहेत त्यालाच समजते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची. १८४६-४७च्या हिवाळ्यात शंभर मजूर वॉल्डनचे बर्फ कापण्यास आले. ते पाहून थोरोने लिहिले की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक आता आपल्या विहिरीचे पाणी पिणार. ही केवळ कल्पना नव्हती. फ्रेडरिक ट्यूडर ह्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३मध्ये कलकत्त्यास बर्फाचे जहाज पाठवले होते, आणि पुढे मुंबई-मद्रासेसही बर्फ येऊ लागले. आपल्याकडे ‘वॉल्डन’च्या ह्या परिच्छेदाचे कौतुक होते, कारण त्यात गंगेचे नाव आहे आणि गीतेचे आहे. परंतु ह्या व्यवहाराची दुसरी बाजू पाहावी. थंडी हा विकत घेण्याचा माल होता. तो जहाजाने आपल्यापर्यंत पोहोचला. ऊब मात्र थोरोला स्वतःच्या हाताने करावी लागली, आणि ती कोठे पाठवता येण्यासारखी नव्हती. आपण वॉल्डनचे बर्फ तेवढे घेतले, धुराडे तेथेच राहू दिले. आपल्या वाचनाचीही गत थोडीफार अशीच झाली आहे.

शेवटी शब्दांचा प्रश्न. अनुवादकाची खरी परीक्षा तत्त्वचिंतनाच्या वाक्यांत होत नाही. तेथे संस्कृत त्याच्या मदतीला येते. परीक्षा होते ती आगटी, धुराडे, गिलावा, ढलप्या, निखारा, राख ह्या शब्दांत. घरातल्या त्या आगीच्या जागेला ‘चूल’ म्हणावे तर स्वयंपाक आठवतो. ‘अग्निकुंड’ म्हणावे तर होम. ‘आगटी’ म्हणावे तर अंगण. एकही शब्द बरोबर बसत नाही. तरीही निवड करायची झाल्यास आम्ही ‘चूल’ ह्या शब्दाच्या बाजूने कौल देऊ. कारण मराठीत चूल मांडणे म्हणजे संसार थाटणे, आणि वेगळी चूल मांडणे म्हणजे घरातून निघून आपला निराळा हिशेब सुरू करणे. एकत्र कुटुंबातून निघालेला धाकटा भाऊ जे करतो तेच थोरोने काँकर्ड गावाशी केले. त्याने संन्यास घेतला नाही. त्याने वेगळी चूल मांडली. आणि वेगळी चूल मांडणाऱ्यास पहिल्या दिवसापासून सरपणाची चिंता करावी लागते, हे कोणत्याही मराठी गृहिणीला सांगावे लागणार नाही.

आमच्या मंडळींतल्या एका कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. तेरावे प्रकरण वाचल्यावर त्याच्या आईने त्याला दूरध्वनीवर विचारले, “तुमच्या घराचे धुराडे कोठे आहे रे?” त्याला ते चटकन सांगता आले नाही. भिंतीत कोठेतरी नळी आहे, तळघरात भट्टी आहे, ती आपोआप चालते, असे तो म्हणाला. थोरोची तक्रार होती की शेगडीत आग दिसत नाही; आता तर शेगडीही दिसत नाही. परदेशस्थ मराठी लेखकांच्या ललित लेखनात बर्फाची सुंदर वर्णने आम्ही वाचतो, खिडकीबाहेरची. खिडकीच्या आतली ऊब कोठून येते, तिला काय पडते, तिच्यासाठी काय सोडावे लागले, हे लिहिणारा लेखक त्यांच्यातून पुढे यावा, अशी आमची इच्छा आहे. तो लिहील तेव्हा त्याला नवे शब्द करावे लागतील, आणि ते मराठीत राहतील.

आमच्यापुरते सांगायचे तर, पुढील वर्षाच्या वाचनासाठी ‘वॉल्डन’मधील प्रकरणांची निवड आम्ही बदलली आहे. तेरावे आणि चौदावे ही दोन्ही प्रकरणे आता एका बैठकीत वाचली जातील. थोर ग्रंथातला गृहकृत्याचा तपशील हा त्यातील विचाराचा अडथळा नसून कित्येकदा त्याचा पाया असतो, हे आम्हांस ह्या वयात कळावे, आणि तेही इंजिनावर कोळसा टाकलेल्या एका वाचकाकडून, ह्याचा संकोच वाटत नाही. धूर कुठून गेला, हा प्रश्न यापुढे आम्ही प्रत्येक ग्रंथाला विचारू.